टाकीवरची खूण

विद्यापीठाच्या स्थापत्य विभागात तिचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. बाकी सगळे तिला मिली म्हणत. मिलिमीटरची मिली. ही बाई बोलायचीच मिलिमीटरमध्ये, त्याला कोण काय करणार! कँटीनमधलं टेबल डुगडुगतं म्हणून कुणी पायाखाली कागदाची घडी सरकवली, की ही मान तिरकी करून म्हणणार, "अजून दोन मिलिमीटर लागतील." आणि बरोबर तेवढेच लागायचे. लोकांना राग यायचा तो त्याचाच.

तिच्या पीएचडीचा विषय ऐकायला रुक्ष होता आणि करायला त्याहून रुक्ष. डोंगरउतारावर घरं बांधली की खालची जमीन सरकते का, सरकत असेल तर किती, आणि ते वेळेत कळावं म्हणून मोजायचं कसं. त्यासाठी तिने एक वस्ती धरली होती. शहराच्या टोकाला ओढा, ओढ्यापलीकडे डोंगर, आणि डोंगर कापून केलेल्या सपाटीवर चार इमारती. इमारतींच्या पाठीमागे उंच संरक्षक भिंत, आणि भिंतीच्याही वर वस्तीची पाण्याची टाकी.

हीच वस्ती का, याची शास्त्रीय कारणं तिने प्रबंधात पानभर दिली होती. खरं कारण एकच. पहिल्या इमारतीत, तळमजल्यावर, तिचा दादा राहायचा. त्यामुळे परवानगीसाठी कुणाचे पाय धरायला नकोत, मोजणी आटोपली की आईची भेट, वहिनीच्या हातचं गरम जेवण आणि चिमणीशी, म्हणजे भाचीशी, यथेच्छ भांडण. दादा औषधाच्या दुकानात नोकरीला होता आणि वस्तीचा सेक्रेटरी होता. म्हणजे नळ गळला, दिवा गेला, कुणाच्या कुत्र्याने कुणाच्या दारात घाण केली, की शिव्या खायचं काम त्याच्याकडे. तो ते हसतमुखाने करायचा. लोकांचा त्याच्यावर जीव होता.

दोन वर्षांपूर्वी याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला एक बांध घसरला. माणसं वाचली, पण वस्तीत सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दादाने तर जागा सोडायचं जवळजवळ ठरवलंच होतं. त्याने तिला विचारलं, "बारके, तू मोजतेस ना? मग खरं काय ते सांग."

तिने सांगितलं. नुसतं त्याला नाही, इमारतीखालच्या पार्किंगमध्ये भरलेल्या सभेत, सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं. वस्ती केसभरही हललेली नाही. भिंत जागच्या जागी आहे, इमारती जागच्या जागी आहेत. यापुढेही मी दर महिन्याला मोजत राहीन, काही बदललं तर सगळ्यात आधी तुम्हाला सांगेन. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, तिचा चेहरा असा काही फुलला होता की विचारू नका. दादा जागा सोडायचं पुन्हा बोलला नाही. तो सोडत नाही म्हटल्यावर बाकीचेही थांबले.

आणि ती बोलल्याप्रमाणे वागली. महिना चुकवला नाही. दर वेळी आकडे असे चोख यायचे की विभागात सर तिची वही इतरांपुढे नाचवायचे. "बघा, याला म्हणतात मोजणी! नाहीतर तुम्ही, उंटावरून शेळ्या हाकणारे!"

आता ही मोजणी म्हणजे काय, ते जरा सांगायला हवं. कुठली वस्तू हलली की नाही हे ठरवायचं, तर एक न हलणारी जागा आधी पक्की लागते. तिला खूण म्हणतात. खुणेवर तिवई रोवायची, तिच्यावर दुर्बिणीचं यंत्र बसवायचं, आणि भिंतीवर, इमारतींवर चिकटवलेले छोटे आरसे एकेक करून टिपायचे. सगळ्यात शेवटी पुन्हा सुरुवातीच्या जागी यायचं. निघतानाचा आकडा आणि पोचतानाचा आकडा जुळला, की काम चोख झालं असं समजायचं. तिचे आकडे नेहमी जुळायचे.

सुरुवातीला तिची खूण ओढ्याच्या अलीकडे होती. तिथे जमिनीतून वर आलेला काळा कातळ आहे, त्यावर फार पूर्वी सरकारी मोजणीवाल्यांनी छिन्नीने फुली कोरून ठेवली आहे. पण सभेच्या आधीच्या मोसमात ओढ्याकाठची झाडं अशी माजली, की फुलीवरून पलीकडचं काही दिसेना. मग तिने खूण हलवली. कुठे, तर वर, टाकीच्या ओट्यावर. चांगला रुंद, जाडजूड काँक्रीटचा ओटा. वर एवढी मोठी टाकी बसलेली, हा कुठे जाणार? तिथून चारही इमारती आणि भिंत हाताच्या तळव्यासारखी दिसायची. तिने ओट्यात पितळी खिळा ठोकला, सरांना फोटो दाखवला, सर म्हणाले, "छान." विषय संपला. त्या दिवसापासून सगळं मोजमाप त्या खिळ्यापासून.

प्रबंध छापायला जायच्या बेतात होता, तेव्हा सरांनी नकाशावर बोट ठेवलं. "तुझा हा खिळा जुन्या सरकारी फुलीशी जोडून दाखव. परीक्षक आले की पहिला प्रश्न हाच विचारतील. एका सकाळचं काम आहे."

योगायोगाने ओढ्याकाठचा रस्ता रुंद करायला झाडं नुकतीच तोडली होती. फुलीवरून टाकी पुन्हा स्वच्छ दिसत होती. रविवारी सकाळी ती यंत्र घेऊन तिथे गेली. मदतीला दगडोबा होता. खडकांवर संशोधन करणारा, अंगाने भरलेला, स्वभावाने गार. त्याला कशाचीच घाई नसायची. तो वर टाकीपाशी जाऊन खिळ्यावर आरसा धरून उभा राहिला, आणि तिने फुलीवर यंत्र लावलं.

पहिला आकडा आला तेव्हा ती स्वतःशीच हसली. "घ्या! झोपेत यंत्र लावलं वाटतं." पहिल्या वर्षी याच फुलीवरून टिपून ठेवलं होतं त्यापेक्षा टाकी ओढ्याच्या बाजूला वीतभर पुढे आलेली दिसत होती, आणि चार बोटं खाली. वीतभर! मिलीच्या भाषेत वीत हा शब्दच नव्हता. तिने तिवईचे पाय पुन्हा दाबले, पातळीचा बुडबुडा मध्ये आणला, यंत्र फुलीच्या बरोब्बर डोक्यावर आहे ना ते तपासलं. पुन्हा टिपलं. तोच आकडा.

तिने दगडोबाला फोन लावला. "अरे, आरसा सरळ धर की. वाऱ्यावर डोलतोयस का?"

"मी डोलत नाहीये. तूच डोलत असशील."

"मग खाली ये आणि तू बघ. आरसा खिळ्यावरच छोट्या तिवईला लावून ये."

दगडोबा खाली आला, घाम पुसला, दुर्बिणीला डोळा लावला. त्याला वाकायला आणि उभं राहायला वेळ लागायचा. या वेळी तो लवकर उभा राहिला.

"काय आलं?" तिने विचारलं.

"तुझ्यापेक्षा दोन मिलिमीटर जास्त."

"तू नीट टिपलं नाहीस."

"नसेल," तो म्हणाला. "तू टिप."

तिने टिपलं. आता आणखी एक मिलिमीटर जास्त. थोडं थांबून पुन्हा टिपलं. आणखी एक. मोजणाऱ्याची चूक कधी इकडे होते, कधी तिकडे. हे आकडे मात्र एकाच दिशेने जात होते, ओढ्याकडे. समोर डोंगर शांत उभा होता. चौथ्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घालत होतं.

"मिली," दगडोबा हळूच म्हणाला, "फुली कातळावर आहे. टाकी कशावर आहे?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं. टाकी मातीवर होती. भिंतही त्याच मातीवर, इमारतीही त्याच मातीवर. बसमध्ये बसून शेजारच्या माणसापासूनचं अंतर मोजत राहावं आणि बस जागची हलत नाही म्हणावं, तसं तिने दोन वर्षं केलं होतं. टाकी, भिंत, चार इमारती, सगळा डोंगरउतार एकसंध खाली येत होता, आणि म्हणून कुठे तडा नाही, कुठे भेग नाही, आणि तिचे आकडे दर महिन्याला झकास जुळत होते. का नाही जुळणार? सगळेच मिळून निघाले होते!

ती मटकन कातळावर बसली. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. मनात एकच गोष्ट फिरत होती. दादा निघणार होता. मी थांबवलं.

मग ती उठली आणि सरांना फोन लावला. सर रविवारचे घरी होते, मागे टीव्हीचा आवाज येत होता. तिने सगळं एका दमात सांगितलं. सर आधी म्हणाले, "यंत्र तपासलंस?" मग म्हणाले, "बॅटरी?" मग टीव्हीचा आवाज बंद झाला.

"फुली हलली नसेल कशावरून?" त्यांनी विचारलं.

"कातळावर आहे, सर."

"हं." सर म्हणजे वाईट माणूस नव्हता, पण आयुष्यभर प्रत्येक आकडा तीनदा तपासून मगच तोंड उघडायची सवय. "असं करू. आत्ता कुणाशी काही बोलू नकोस. गेल्या महिन्यात आपणच पालिकेला लिहून दिलंय, हलत नाही म्हणून. उद्या सकाळी मी स्वतः येतो, दुसरं यंत्र घेऊन. नीट मोजू, आणि मग रीतसर कळवू."

"सर, डोंगर थांबणार नाही उद्यापर्यंत. माझ्या डोळ्यांदेखत सरकतोय."

"अगं, पण उगाच घबराट..."

"सर, तिथे माझी आई आहे."

"मग जा," सर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. "जा तू. मी पालिकेला, अग्निशमनला, ज्याला मिळेल त्याला फोन करतो."

दगडोबा यंत्रापाशी थांबला. काही वाढलं की तो फोन करणार होता. ती पुलावरून पलीकडे निघाली, चालता चालता दादाला फोन लावला.

"अरे वा, मॅडम!" दादा म्हणाला. मागे कुकरची शिट्टी झाली. "वहिनी विचारतेय, जेवायला येतेस ना?"

"दादा, सगळ्यांना घेऊन बाहेर पड. आत्ताच्या आत्ता. इमारत सोडा. ओढ्याच्या अलीकडे या."

"का? काय झालं?"

"डोंगर सरकतोय."

दादा हसला. मनापासून हसला. "चल, काहीतरीच! तूच तर म्हणाली होतीस ना, केसभरही नाही म्हणून. कुणी काय सांगितलं तुला?"

"कुणी नाही. मीच मोजलं. मी चुकले होते, दादा."

"तू? आणि चुकलीस?" त्याला खरोखरच गंमत वाटत होती. "बरं, ये तर खरी. आल्यावर बोलू. उन्हातान्हाची धावू नकोस."

फोन ठेवला गेला. ती पुलावर उभी राहून दात-ओठ खात होती. जन्मभर जिला सगळ्यांनी डोक्यावर घेतलं ती बरोबर असते म्हणून, तिचं ऐकायला आता कुणी तयार नव्हतं, तेही त्याच कारणासाठी.

वस्तीच्या फाटकाशी रस्त्याला आडवी एक डांबराची पट्टी होती. तिथे सारखी भेग पडायची आणि दादा सारखी ती बुजवून घ्यायचा. ठेकेदाराच्या नावाने खडे फोडायचा. आज बुजवलेल्या पट्टीच्या शेजारी नवी भेग होती, आणि पलीकडचा रस्ता अलीकडच्यापेक्षा खाली होता. पायरीएवढा खाली. ती शेकडो वेळा इथून गेली होती, खांद्यावर तिवई घेऊन, गुणगुणत. आज तिला कळलं की सरकणाऱ्या डोंगराची कडा ती हीच. तिने पाय उचलला आणि पलीकडे ठेवला.

दादाच्या घराचं दार उघडंच होतं. आत आई सोफ्यावर पाय वर घेऊन शेंगा सोलत बसली होती. चिमणी फरशीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली, हात पदराला पुसत. "आली का गं? ये, ये. किती लाल झालीस उन्हाने. बस, आधी चहा टाकते."

"वहिनी, चहा नको. तुम्ही सगळे बाहेर या."

"अगं, बस तर आधी! आणि तुला एक गंमत सांगू? ती मागची भिंत, तिच्या भोकांतून सारखं पाणी ठिबकायचं, सगळं अंगण शेवाळलं होतं, आठवतं ना? बुधवारपासून बंद! एकदम कोरडी ठणठणीत झाली. मी यांना म्हटलं, बघा, आपोआप दुरुस्त झाली."

मिलीने दाराची चौकट धरली. भिंतीला ती भोकं ठेवतात ती मागचं पाणी बाहेर पडायला. ते थांबलं, म्हणजे पाणी संपलं नव्हतं. माती सरकून भोकं आतून बंद झाली होती आणि सगळं पाणी भिंतीच्या मागे साठत होतं. बुधवारपासून.

दादा आतून आला, हातात टॉवेल. "हां, बोल आता. काय गोंधळ घातलास फोनवर?"

तिने सांगितलं. फुली, कातळ, टाकी, खिळा, सगळं. भरभर, शब्दांवर शब्द पडत होते. दादा ऐकत होता, पण त्याच्या चेहऱ्यावर ती लहानपणापासून ओळखीची समजूतदार कळा होती, जी तापात बडबडणाऱ्या माणसासमोर असते. "बरं, बरं," तो म्हणाला. "म्हणजे तुझे सर उद्या येऊन बघणार. मग उद्या ठरवू. आज रविवार आहे, सगळे घरी आहेत, कुणाकुणाची पाहुणे मंडळी आली आहेत. मी काय सांगू त्यांना? गेल्या वेळी टाळ्या वाजवल्यात, आता ताट सोडून रस्त्यावर या?"

"हो! तेच सांग!"

"आई, बघ हिला." दादा आईकडे वळला. "जेवली नसणार सकाळपासून."

"ये गं, आत ये," आई म्हणाली. "दारात उभी राहून काय भांडतेस? बस इथे माझ्याजवळ."

आईने सोफ्यावर हात थोपटला.

मिलीने पाय उचलायचा प्रयत्न केला. खरंच केला. उंबरा चार बोटांचा होता, आणि त्याच्या पलीकडे तिची आई होती. पण तिचा पाय उचलेना. हाताने दाराची चौकट इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. आत सगळं नेहमीचंच होतं. पंखा फिरत होता. भिंतीवरचं घड्याळ चालू होतं. आणि तिला ठाऊक होतं, ही फरशी, हा सोफा, आईचे ते पाय, सगळं आत्ता या क्षणी खाली जातंय. तिला स्वतःची लाज वाटली. आई बोलावतेय आणि आपण जात नाही! अशी लाज तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

फोन वाजला. दगडोबा. तिने कानाला लावला. "मिली, आता मिलिमीटर नाही मोजत मी," तो म्हणाला. त्याला धाप लागली होती, आणि तो तर जागच्या जागी उभा होता. "सेंटीमीटर जातायत. बाहेर काढ त्यांना."

तिने फोन खाली केला. नुसती दादाकडे बघत राहिली.

दादाने आधी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग चौकटीवरच्या बोटांकडे. मग खाली, तिच्या पायांकडे. पायांत चपला होत्या, आणि त्या उंबऱ्याच्या बाहेर होत्या. ही पोरगी या घरात कधी दारात थांबली नव्हती. चपला पायांतून उडवत थेट स्वयंपाकघरात शिरायची, झाकणं उघडून बघायची.

"बारके," तो हळू म्हणाला, "आत येत नाहीस?"

"नाही, दादा."

"आई बोलावतेय."

"नाही येत." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "मला भीती वाटते."

दादाच्या हातातला टॉवेल खाली पडला. त्याने तो उचलला नाही. "गॅस बंद कर," तो वहिनीला म्हणाला. त्याने चिमणीला फरशीवरून तशीच उचलून वहिनीच्या कडेवर दिली. चिमणी खडूसाठी रडायला लागली. मग त्याने आईला दोन्ही हातांनी उभं केलं. "अरे, चपला तरी..." आई म्हणाली. "अनवाणी चल," तो म्हणाला, आणि आई मुकाट्याने निघाली. मुलाचा असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता.

पुढचं सगळं दादाने केलं. आईला, वहिनीला फाटकापलीकडे पोचवून तो परत फिरला आणि प्रत्येक जिन्यात उभा राहून ओरडला. लोक दारांत येऊन विचारत होते, "काय झालं हो सेक्रेटरी? कोण म्हणालं?" त्याने ना फुली सांगितली, ना खिळा. तो एवढंच म्हणत होता, "माझी बहीण बाहेर उभी आहे. आत यायला घाबरतेय." आणि लोक बघत होते तर खरंच, ती दर महिन्याला आरसे पुसायला येणारी, सभेत ताठ मानेने बोललेली बाई चार इमारतींच्या मधोमध रडत उभी होती आणि हात हलवून सगळ्यांना बाहेर बोलावत होती. दारं उघडायला लागली. कुणी जेवणाच्या हाताने, कुणी झोपेतून, कुणी केसांना साबण तसाच. शिव्या देत, कुरकुरत, पण आले. तिसऱ्या इमारतीतल्या आजोबांना दोघांनी खुर्चीसकट आणलं. ते वाटभर विचारत होते की आग कुठे लागली आहे.

सगळे पूल ओलांडून कातळापाशी जमले. दादा घराघराची हाक घेत होता आणि गर्दीतून उत्तरं येत होती. एकदा झालं, तरी त्याने पुन्हा घेतली. काही वेळाने लोक चुळबुळायला लागले. ऊन फार होतं. समोर चारही इमारती ठणठणीत उभ्या होत्या, गच्चीवर चादरी वाळत होत्या. "काही झालेलं दिसत नाही," कुणीतरी म्हणालं. "माझं दूध उतू गेलं असेल," दुसरं कुणी म्हणालं. एक जण पुलाच्या दिशेने चार पावलं गेलाही. "मागे फिरा!" दगडोबा असा ओरडला की तो जागीच थबकला. दगडोबाचा डोळा अजून दुर्बिणीला होता.

आवाज आधी आला नाही. आधी टाकी वाकली. अगदी सावकाश, कुणीतरी नमस्काराला वाकावं तशी. मग भिंत मधोमध फुगली, आणि तिच्यामागून पाणी आणि चिखल एकदम बाहेर पडला. मग आवाज आला, आणि तो आला तो थांबेचना. पहिली इमारत सगळ्यात आधी गेली. उरलेल्या तिच्या मागोमाग, एकमेकींवर रेलत. धुळीचा लोट ओढा ओलांडून अलीकडे आला आणि सगळ्यांनी तोंडं झाकली.

धूळ बसली तेव्हा समोर डोंगराची नुसती उघडी, ओली दरड होती. एक बाई मोठमोठ्याने रडत होती, तेवढाच आवाज. ज्याचं दूध उतू जाणार होतं तो माणूस रस्त्यावर उकिडवा बसला होता. आई कातळावर बसली होती, तळपाय मातीने भरलेले. चिमणी तिच्या मांडीत तोंड खुपसून होती.

मिली दादाजवळ गेली. तिला त्याच्या तोंडाकडे बघवेना. "दादा," ती म्हणाली, "माझं चुकलं. तू तेव्हाच निघणार होतास. दोन वर्षं मी तुम्हाला त्याच्यावर बसवून..."

दादा घर होतं त्या जागेकडे बघत होता. मग त्याने हात पुढे करून तिचं मनगट धरलं.

"तू आत आली असतीस ना, बारके," तो म्हणाला, "तर तुझ्या वहिनीने चहा टाकला असता. आणि आम्ही सगळे बसलो असतो."